जुनी पिवळी नाणी

"आपाय, शनिवारी लग्न आहे. तोवर ही टाकी जिवंत करा, नाहीतर रिकामी करा. मी सोनेरी मासे सोडतो, ते तरी रुसत नाहीत," हॉलचा मालक सेरिकबोल वडीलधाऱ्या कामशातला म्हणाला आणि चहाची वाटी टाकीच्या काठावर ठेवून निघून गेला.

कामशातने वाटी उचलून खाली ठेवली. शिमकेंत शहरातल्या या लग्नाच्या हॉलमध्ये ती अकरा वर्षं ही खाऱ्या पाण्याची टाकी सांभाळत होती. त्याआधी सव्वीस वर्षं शाळेच्या रसायनशाळेत होती. टाकीतली प्रवाळं तिने अंगठ्याएवढ्या तुकड्यांपासून वाढवली होती. मालकाच्या लेखी ती शोभेची वस्तू होती, तिचा मात्र त्यांत जीव अडकला होता.

तीन आठवड्यांपूर्वी आधी गोगलगायी काचेवरून गळून पडल्या. मग कोळंब्या मेल्या. मग प्रवाळं एकेक करून मिटत गेली. कामशातने मीठ मोजलं, चुना मोजला, क्षारता मोजली. सगळं जिथल्या तिथे होतं. पाणी बदललं, गाळणी बदलली. आता तिचे गुडघे बोलायला लागले होते.

स्वयंपाकघरातली रिसगुल गरम बाउरसाकांची, तळलेल्या कणकेच्या गोळ्यांची ताटली घेऊन आली. "खा गं बाई. स्वतःकडे बघ जरा. तुझी लेक झान्साया सासरी गेली आणि या प्रवाळांनी अंथरूण धरलं. एवढी माया माझ्या सुनेला माझ्यावर असती तर?"

"काय म्हणालीस?"

"खा म्हणाले."

"त्याच्या पुढचं."

कामशातने ताटली तशीच ठेवली. मुलीचं लग्न याच हॉलमध्ये झालं होतं, बरोबर तीन आठवड्यांपूर्वी. तिने कपाटातून एक जुनी बाटली काढली. ही तपासणी तिने आजवर कधी केलीच नव्हती, कारण टाकीत तांबं येणारच कुठून? नळीतल्या पाण्यात तिने चार थेंब टाकले. पाणी रंगलं. टाकीत तांबं होतं, गोगलगायींना आणि प्रवाळांना ते विषच.

नवरी आत येताना बायका तिच्यावर शाशू उधळतात, मिठाई आणि नाणी. म्हणून दर लग्नाआधी कामशात टाकीवर काचेचं झाकण घालायची आणि शेजारी पहाऱ्याला उभी राहायची. यात अकरा वर्षांत खंड पडला नव्हता. फक्त त्या दिवशी, व्याह्यांना टाकी नीट दिसावी म्हणून, झाकण तिने स्वतः काढून ठेवलं होतं.

तिने बाही वर केली आणि दगडांमागे हात घातला. हाताला एक नाणं लागलं, मग आणखी दोन. हिरवी पडलेली, तांबं असलेल्या जुन्या पितळेची. हल्लीची नाणी लोखंडावर मुलामा दिलेली असतात, ती पितळेच्या नाण्यांसारखी चमकत नाहीत. ही तिने मुलीच्या लग्नासाठी डब्यात वर्षानुवर्षं साठवलेली होती. असली नाणी दुसऱ्या कुणी उधळलीच नव्हती.

तिने फडकं पसरलं.

सेरिकबोल परत आला तेव्हा नाणी फडक्यावर होती. "अरे वा, सापडलं म्हणजे! गेल्या महिन्यातल्या लग्नाचे लोक असणार. फोनच करतो त्यांना, बघा कसे सरळ येतात."

"नको करू. माझी आहेत."

"तुमची?"

"मीच उधळली. झाकणही मीच काढलं होतं."

त्याने फोन खिशात घातला. मग आवाज उतरवून म्हणाला, "आता काही औषध?"

"तांबं दगडांत मुरलंय रे. निघत नाही. शनिवारपर्यंत रिकामी करून देते."

"राहू द्या, मी माणसं लावतो. आणि ती नाणी द्या इकडे, फेकून देतो."

"शाशूची आहेत," कामशात म्हणाली. "फेकत नाहीत."

तिने ती गोड्या पाण्याखाली धुतली, पुसली आणि डोक्याच्या रुमालाच्या टोकाला बांधली. माणसांची वाट पाहिली नाही. नळीचं एक टोक टाकीत सोडलं, बादली पुढे ओढली आणि दुसरं टोक तोंडात धरून पाणी ओढलं. खारट घोट जिभेला लागला. तो थुंकून तिने नळी बादलीत धरली.