एकट्या बाईंच्या बॅगेचं कुलूप

मी कुलूप बोलतोय, पण आधी तुम्ही कोण ते सांगा. विचारलेलं बरं असतं. दुनिया काही सरळ नाही.

मी पितळेचं, अंगठ्याएवढं. कारखान्यातून निघालो तो साहेबांच्या हाती लागलो. तेव्हा फोनला बोटाने फिरवायची तबकडी असायची. बाईंनी, म्हणजे त्यांच्या बायकोने, उगाच कुणाला फोन करू नये म्हणून साहेबांनी मला तिच्यात अडकवलं. कुणावर म्हणून विश्वास ठेवायचा नाही, हे मी तिथेच शिकलो. बाईंची दया यायची, खोटं कशाला बोलू? पण नोकरी म्हणजे नोकरी.

साहेब गेले. मग एक दिवस बाईंनी जाहीर केलं, मी जहाजाने समुद्र फिरून येणार, एकटी. लेक म्हणाली, आई, निदान कुणाला तरी सोबत ने. बाईंनी मला नेलं. साहेबांच्या जुन्या, कडीच्या बॅगेला लावून.

जहाजावर जो तो दारात थबकून विचारायचा, "एकट्याच?" मला त्या प्रश्नातच चोरीचा वास यायचा. सगळ्यांत जास्त वहीम खोली आवरणाऱ्या मिशाळावर. हा गडी टॉवेलचं बदक करून पलंगावर ठेवायचा. म्हटलं, आज बदक, उद्या बॅग. बाईंचंही तेच. साहेब गेले, पण त्यांचा संशय बाईंच्या अंगवळणी पडला होता. जहाज बंदराला लागलं, लोक हसतखिदळत उतरले, आणि बाई बॅगेपाशी बसून राहिल्या.

मिशाळाच्या धास्तीने त्यांनी होतं नव्हतं ते बॅगेत कोंबलं. दागिने, पासपोर्ट, दम्याचा पंपसुद्धा. किल्ली कधी बुटात, कधी उशीच्या अभ्र्यात, कधी पावडरच्या डब्यात. जागा रोज नवी.

एका दुपारी त्यांना धाप लागली. बूट झटकले, उशी उसवली, डबा उपडा केला. चोरापासून लपवता लपवता किल्ली त्यांनी स्वतःपासूनच लपवली होती. छातीत शिट्टी वाजू लागली. त्या मला हिसके देत होत्या आणि मी आपला घट्ट. मालकिणीच्याच जिवावर उठलो होतो की मी!

कसंबसं दार उघडलं. मिशाळ बाहेरच होता, धावत आला. त्यांनी बोट दाखवलेली बॅग पाहून म्हणाला, "मावशी, तोडू का?"

श्वास नाही, ओठ निळे, तरी बाईंचा हात बॅगेवरून निघेना. मलाही भीती वाटली, पण या वेळी त्याची नाही. मग हात सरकला. त्याने भिंतीवरचं आग विझवायचं नळकांडं हाणलं. मी पहिल्याच फटक्यात मान टाकली.

पंप मिळाला, श्वास आला. तेव्हा मिशाळ खाली बघत म्हणाला, "मावशी, सामान मोजून घ्या. नाहीतर आळ माझ्यावर यायचा."

बाईंना रडूच फुटलं. "नाही मोजायचं मला," म्हणाल्या.

आत्ता त्या वर डेकवर गेल्यात, बॅग सताड उघडी टाकून. मी टेबलावर मोडून पडलोय. मिशाळ चादर बदलतोय आणि मी डोळ्यांत तेल घालून बघतोय, जित्याची खोड. बिचारा बॅगेकडे पाठ करून काम करतोय. चादर ओढायला पलीकडून जावं लागतं, तर उलट्या पावलांनी जातोय.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालंय. बाईंना एवढं सांगा, मला दुरुस्तीला देऊ नका म्हणावं.