यल्लव्वाची वजाबाकी

धारवाडच्या ट्रेनिंग कॉलेजातल्या आमच्या हेमावतीबाईंना मुलांच्या चुकांचं भारी वेड. गणित बरोबर आलं तर ढुंकूनही बघायच्या नाहीत. मूल चुकलं की खूश, आणि लगेच विचारणार, "कसं काढलंस?" मी त्यांची मदतनीस. मला हे संशोधन म्हणजे भिकेचे डोहाळे वाटायचे.

सदुसष्ट साली जुन्या हुबळीतल्या एका मराठी शाळेत यल्लव्वा नावाच्या मुलीनं बेचाळीसातून सतरा वजा करून पस्तीस आणले. बाईंनी विचारलं, कसं काढलंस?

"दोनातनं सात जाईनात. मग सातातनं दोन काढले. आमच्या घरात बी थोरलाच देतो की, अक्का."

बाईंनी तिला जवळच ओढलं. तिचं बोलणं त्यांनी म्हैसूरच्या परिषदेत शाळेच्या नावासकट वाचलं. टाळ्या पडल्या, बढती मिळाली. शाळेचं नाव घेतलेलं मला तेव्हाच खटकलं होतं, पण बाईंपुढे बोलणार कोण?

पुढच्या वर्षी पुन्हा गेलो. ती मुलगी आता कसा विचार करते, यावर बाईंचं सगळं पुस्तक उभं राहायचं होतं. बसमध्ये वाटभर यल्लव्वाचंच कौतुक चाललेलं. मुख्याध्यापक बाळाचार्यांनी फाटकातच गाठलं.

"तुमचा निबंध शाळा तपासायला आलेल्या दिपोटीसाहेबांनी मला उभं करून वाचून दाखवला, बाई. सगळ्या मास्तरांदेखत. आता आमच्यात कुणी चुकत नाही बघा."

ते हसत होते. मला ते हसणं बरं वाटलं नाही.

वर्गात आम्ही शिरलो तरी एक मान वळली नाही. बाईंनी फळ्यावर तीच वजाबाकी घातली. पंचवीस, सगळे एका सुरात. दुसरी घातली, तिसरी घातली, तरी एक चूक निघेना. बाईंचा चेहरा उतरला होता, पण आशा सुटत नव्हती. त्या यल्लव्वाशेजारी खाली बसल्या.

"बरोबर आलं हो तुझं," त्या मायेनं म्हणाल्या. "कसं काढलंस?"

पोरगी उठली. उजवा हात पुढे केला, तळवा वर करून, आणि डोळे मिटून घेतले.

"तुमचीच पद्धत, बाई," बाळाचार्य दारातून कौतुकानं म्हणाले. "छडी मारायच्या आधी मी पण असंच विचारतो की."

बाईंनी तो हात आपल्या हातात घेतला. पोरीनं डोळे उघडले नाहीत.