चावी दादाच्या खिशात

वायरी बांधायच्या प्लॅस्टिकच्या टायला मागे फिरणं ठाऊक नसतं. पट्टी भोकात ओवायची आणि ओढायची. एकेक दात पुढे सरकतो आणि तिथेच बसतो. सोडवायचा म्हणजे कापायचा. चौदा वर्षांत मी असे हजारो टाय आवळले असतील. त्या दिवशी दुपारी तीनच्या सुमारास मी स्वतःचाच हात आवळून टाकला.

गाडी जुनी होती. तिचा रेडिएटरचा पंखा इंजिनाच्या पट्ट्यावर फिरायचा. इंजिन चालू तर पंखा चालू, इंजिन बंद तर पंखा बंद. गिऱ्हाइकाने मागाहून एसी बसवून घेतला होता, त्यामुळे रहदारीत गाडी उभी राहिली की पाणी उकळायचं. म्हणून पट्ट्याचा पंखा काढून विजेचा बसवायचं काम दादाने घेतलं. घेतलं त्याने, केलं मी.

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ, गॅरेजचा मालक. इंजिन उघडण्यात त्याचा हात धरणारा कोणी नाही, पण वायर दिसली की तोंड फिरवतो. विजेचं सगळं धाकट्याकडे. चौतीस वर्षांचा झालो, दोन पोरांचा बाप झालो, तरी गिऱ्हाइकंसुद्धा मला धाकट्याच म्हणतात. गॅरेज दादाचं, पाटीवर नाव दादाचं, मागची खोली दादाची, आणि तिच्यात माझा संसार.

पंख्याला मी दोन हुकूम दिले होते. एसी लावला की फिरायचं, हा पहिला. तो चावीवर चालतो. पाणी ठरावीक गरम झालं की फिरायचं, हा दुसरा. तो थेट बॅटरीवरून, चावी असो वा नसो. कारण इंजिन बंद केलं की पाणी वाहायचं थांबतं आणि काही मिनिटं उलट जास्तच तापतं. हे मला कुठल्या मास्तराने शिकवलं नाही. जळालेल्या रिलेंनी आणि दादाच्या शिव्यांनी शिकवलं.

चारच्या आत मला बस डेपोत हजर व्हायचं होतं. इलेक्ट्रिशियनची जागा होती. कागद घेऊन वेळेत आलास तर तुझी, नाहीतर यादीतल्या पुढच्याची, असं तिथल्या साहेबाने तोंडावर सांगितलं होतं. सकाळी दादाला हे सांगितलं तेव्हा तो स्पार्क प्लग पुसत होता. पुसतच राहिला. मग म्हणाला, आधी ही गाडी हातावेगळी कर.

केली. गाडी फिरवून आणली, एसी लावून पाहिला, पंखा फिरला. इंजिन बंद केलं. दादाने सवयीप्रमाणे चावी काढून खिशात टाकली. तेवढ्यात दिसलं, वायरचा झुबका पात्यांजवळ लोंबतोय. अशा वेळी आधी पंख्याचा फ्यूज काढायचा, हे मी दुसऱ्यांना शिव्या घालून सांगतो. त्या दिवशी माझं लक्ष घड्याळाकडे. हात आत घातला, न बघता टाय ओवला आणि दुसऱ्या हाताने जोर लावून ओढला. आदल्या दिवशी मनगट भाजलं होतं. बायकोने त्यावर जाड पट्टी गुंडाळून दिली होती. टायने वायरबरोबर ती पट्टीही पंख्याच्या चौकटीला बांधली. मनगट चौकटीला, चार बोटं पात्यांच्या मध्ये. दुसरा हात टायच्या शेपटापर्यंत पोचत होता, दात अडकतात त्या डोक्यापर्यंत नाही. फ्यूज पलीकडे बॅटरीजवळ, आणि कटर टेबलावर.

तापलेलं लोखंड टिकटिक वाजत होतं. मी दादाला हाक मारली.

तो कटर घेऊनच आला. वाकून पाहिलं आणि हसला. पिंजऱ्यातला उंदीर बरा, म्हणाला, तो निदान खोबऱ्यासाठी तरी अडकतो. मीही हसलो. मग त्याचं हसणं थांबलं, पण कटर काही खाली येईना. त्याने पायाने स्टूल ओढलं आणि समोर बसला.

बाप गेल्यावर कोणी वाढवलं, हे त्याने मला विचारलं. वहिनीने तुझ्या बायकोची दोन्ही बाळंतपणं काढली, ती विसरलास का, विचारलं. सगळं खरं होतं. खरं होतं म्हणूनच मी चौदा वर्षं हललो नव्हतो. मी म्हटलं, आधी काप, मग काय ते बोल. कापत नसलास तर तो फ्यूज उपट. तेही नको तर बॅटरीची वायर काढ. तर म्हणाला, बॅटरी काढली की रेडिओ लॉक होतो, कोड मागतो, मागच्या वेळी गिऱ्हाईक केवढं बोललं होतं. परक्याचा रेडिओ आणि सख्ख्या भावाची बोटं. त्याने काय वाचवायचं ठरवलं ते बघा.

"चार वाजून जाऊ देत," तो म्हणाला. "मग कापतो."

"दादा, पाणी तापतंय. पंखा आपोआप सुरू होईल."

त्याने खिशावर थाप मारली. "चावी इथे आहे."

"ह्याला चावी लागत नाही."

"पंख्याचं मला शिकवतोस, धाकट्या?"

त्याला ते खरंच खोटं वाटत होतं, एवढं मी मान्य करतो. जन्मभर त्याने पट्ट्याचे पंखे पाहिले. त्याच्या हिशेबी माझी बोटं सुरक्षित होती. मी फक्त अडकलेलो होतो. पण भाऊ अडकलेला बघून हा माणूस स्टूल घेऊन बसला. ते मी मान्य करत नाही. कधीच करणार नाही.

भिंतीवरच्या घड्याळात तीन वाजून बावीस मिनिटं झाली होती. माझ्या मानेवरून घाम ओघळत होता आणि बोटांना तापलेल्या रेडिएटरची धग लागत होती. बोटं नसलेल्या इलेक्ट्रिशियनला डेपो घेत नाही, आणि दादाही ठेवून घेणार नाही.

"नाही जात," मी म्हणालो.

"आईची शपथ?"

"आईची शपथ."

त्याने सावकाश वाकून टाय कापला. मी हात ओढून घेतला, पट्टीचं टोक आतच राहिलं. पट्टीवरूनच मनगट चोळतोय, तोच पंख्याला वीज सोडणारा रिले खट् वाजला आणि पंखा सुटला. पट्टीच्या चिंध्या उडाल्या. दादा मागे सरकला, तो स्टुलासकट आडवा झाला. उठला, खिशातून चावी काढली आणि तिच्याकडे बघत राहिला.

"बंद कर तो," तो म्हणाला.

"चावी तुझ्याकडे आहे," मी म्हणालो.

मग दादा हळू आवाजात बोलायला लागला. हे असलं मला कुठे कळतं, तू नसलास तर ह्या गाड्यांना हात कोण लावणार, आता तर मी तुला मुळीच सोडत नाही. शपथ घेतलीयस, म्हणाला. मला त्याची दयाही आली, आणि त्या दयेचाही राग आला, कारण चौदा वर्षं तिनेच मला बांधून ठेवलं होतं.

मी पलीकडे जाऊन फ्यूज उपटला. पंखा थांबला. फ्यूज दादाच्या तळहातावर ठेवला आणि त्याची बोटं मिटवली.

"हात घालायच्या आधी हा काढायचा. एवढं आलं की पुरे."

"आणि शपथ?"

"आई असती तर तिने आधी तुला विचारलं असतं, कटर हातात असून बसून का राहिलास."

साबण लावायला वेळ नव्हता. काळ्या हातांनीच कागदांची पिशवी उचलली आणि सायकल काढली. टायचा कापलेला तुकडा पट्टीत तसाच रुतलेला होता. डेपोच्या साहेबाला इलेक्ट्रिशियनच हवा होता. हात बघून त्याला काही विचारावं लागणार नव्हतं.