तो ओरखडा नव्हता!

मित्रांनो, मी एक जुनी दुर्बीण आहे. एका संध्याकाळी माझ्या आरशावरून फडके फिरले, त्याचा धक्का अजून माझ्या मनातून गेलेला नाही.

माझा जन्म एका आरसेवाल्याच्या दुकानात झाला. त्याच्या थोरल्या बहिणीची नजर अधू होत चालली होती. डोळ्यांच्या डॉक्टरांनी हात टेकले, तेव्हा ताई म्हणाली, "दिसतंय तोवर मला चंद्र जवळून बघायचाय. बाकी काही नको." झाले! दुकान बंद केल्यावर आरसेवाला काचेवर काच घासत बसू लागला. हात भरून आले, बायको वैतागली, पण माझा खोलगट आरसा तयार झाला. त्यावर त्याने चांदीचा पातळ मुलामा चढवला, एका जाड नळीच्या तळाशी तो बसवला आणि मला परसात उभे केले. मी काय सुखावले म्हणून सांगू!

अर्धा चंद्र ताईला सर्वांत आवडे. पूर्ण चंद्रावर ऊन डोक्यावर असते, त्यामुळे सगळे सपाट दिसते. अर्ध्या चंद्रावर मात्र उजेड-अंधाराच्या सीमेवर सूर्य नुकता उगवत असतो आणि विवरांच्या कडांच्या लांबच लांब सावल्या पडतात. दिवेलागणीला ती माझ्यापाशी आली की जेवणाची हाकसुद्धा तिला ऐकू येत नसे.

एकदा ती अशी ओरडली की मी तिवईवर हादरले. "अरे, इकडे ये! काळ्याकुट्ट विवरात उजेडाची रेघ उमटलीय. मघाशी नव्हती!"

खरेच नव्हती. विवराच्या कड्याला एक खिंड होती. उगवत्या सूर्याचे ऊन तेवढ्या फटीतून आत शिरून तळावर पडले होते. मीसुद्धा थक्क झाले.

आरसेवाल्याने डोळा लावला आणि त्याचा चेहरा पांढराफटक पडला. "ओरखडा! माझ्या आरशाला ओरखडा?" ओरखड्याचा आरसा त्याने कधी गिऱ्हाइकाला दाखवलासुद्धा नव्हता.

"अरे, नळी हलवून बघ. रेघ चंद्राबरोबर सरकतेय. आरशावर असती तर अशी सरकली असती का?"

"ताई, तुझ्या डोळ्यांचं तू मला सांगू नकोस!"

तो बोलून गेला खरा. ताई माझ्यापासून बाजूला झाली. मी सुन्न झाले. तिच्यादेखत त्याने माझा आरसा काढला, पॉलिशची पूड घेतली आणि खसाखसा घासायला सुरुवात केली. मित्रांनो, घरातल्या आरशाचा मुलामा काचेच्या मागे असतो. पुढून कितीही घासा, त्याचे काही बिघडत नाही. माझा मुलामा पुढे होता. हे त्याला माहीत होते, पण हातांना वर्षानुवर्षांची सवय होती. फडके काळे झाले तेव्हा तो भानावर आला. "अरे देवा, हे काय करून बसलो मी?"

दुसऱ्या दिवशी उरल्यासुरल्या मुलाम्याचा आरसा परत बसवून त्याने चंद्र पाहिला. रेघ कुठेच नव्हती. तिथे सूर्य वर आला होता आणि विवराचा तळ उन्हाने भरून गेला होता. तो ताईकडे वळला. "ताई, मी ऊन पुसायला निघालो होतो गं."

नवा मुलामा त्याने चढवला. पण ती रेघ थोडाच वेळ दिसते. कधी नेमके ढग आले, कधी ती भर दिवसा येऊन गेली. अखेर पुन्हा एका संध्याकाळी ती उमटली. ताईने डोळा लावला, बराच वेळ लावला आणि बाजूला झाली. "मला नुसतं पांढरं धुकं दिसतंय. तू बघ. आहे का रे?"

"आहे, ताई."

"मग सांग की. कुठून निघालीय?"

"खिंडीतून..." त्याच्या डोळ्यांतले पाणी माझ्या डोळा लावायच्या भिंगावर पडले आणि मलाही काही दिसेनासे झाले.

मित्रांनो, मला धुळीपासून जपा, दमट जागी ठेवू नका. पण त्याहून मोठे मागणे आहे. शेजारचे माणूस "बघ, काहीतरी दिसतंय" म्हणाले, तर फडके उचलण्याआधी त्याचे ऐकून घ्या. मुलामा मला दुसऱ्यांदा मिळाला. ताईला ती संध्याकाळ पुन्हा नाही मिळाली.