चिमीचा सलाम

मित्रांनो, मी एक जुना लाकडी खुळखुळा आहे. गप्प बसणं मला जमत नाही. पोटात मणी आहेत ना! आजोबांनी मला आपल्या मुलासाठी सुताराकडून घडवून घेतलं. त्या पठ्ठ्याने मला चावलं, आपटलं, पार रंग उडवला. मग तो मोठा झाला आणि मी माळ्यावर धूळ खात पडलो. त्याला मुलगी झाली, तेव्हा आजोबांनी मला खाली काढून धुऊनपुसून घेतलं. घरात सगळे तिला चिमी म्हणत. मी वाजलो की ती मान वळवायची, बोळकं पसरून हसायची. माझा ऊर भरून यायचा.

पुढे एक नवीच गंमत सुरू झाली. चिमी झोपेतून उठली की मान खाली झुकायची आणि दोन्ही हात झटकन वर यायचे. जरा थांबून पुन्हा तसंच, पुन्हा तसंच. "बाईसाहेब सलाम करताहेत!" म्हणत आजोबाही सलाम ठोकायचे. सगळं घर हसायचं.

हळूहळू चिमीच हसेनाशी झाली. मी वाजलो तरी वळेना. तिच्या आईने आजोबांना थांबवलं. "बाबा, हा खेळ नाही हो. सलाम झाला की रडते ती."

दवाखान्यात चिमीच्या मेंदूतल्या लहरी तपासायच्या होत्या, त्याही झोपेत. म्हणून तिथे पोचेपर्यंत तिला जागं ठेवायचं काम माझ्याकडे आलं. वाटभर मी कंठशोष केला, पण तिने एकदाही बघितलं नाही. तपासणाऱ्या ताईने तिच्या डोक्यावर वायरी चिकटवल्या. "आता खुळखुळा बंद हं, आजोबा." त्यांनी मला मुठीत आवळून धरलं. चिमी झोपली, आणि पडद्यावर नुसत्या वेड्यावाकड्या रेघा उमटत राहिल्या.

"हे सलाम नव्हेत, झटके आहेत," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "झोपेतही तिच्या मेंदूला विसावा नाही." मेंदूच्या फोटोत दिसलं की त्याचा एक भाग जन्माआधीच नीट घडला नव्हता. यात कुणाचीच चूक नाही, असं त्यांनी समजावलं. पण आजोबांच्या मनाला ते पटेना. "मी हसत होतो गं," एवढंच ते सुनेला म्हणत राहिले.

"आपण सगळेच हसलो, बाबा."

औषधाने झटके थांबले. सलाम न करता चिमी पहिल्यांदा नुसतीच जागी झाली, तेव्हा आम्हाला आभाळ ठेंगणं झालं. आजोबांनी मला वाजवलं. ती वळली नाही. तिच्या हातात दिलं, तर मी गळून पडलो. आईने मला उचलून कपाटात टाकलं. "मला नाही बघवत," म्हणाली आणि ढसाढसा रडली.

मित्रांनो, एखादं बाळ जागं होताना असं पुन्हा पुन्हा झुकत असेल, तर हसण्यावारी नेऊ नका. लगेच डॉक्टरांना दाखवा. आणि जे बाळ वळून बघत नाही, त्याचाही खुळखुळा आवरून ठेवू नका.

आज चिमी उठली, तेव्हा आजोबांनी कपाट उघडून मला बाहेर काढलं. तिच्यासमोर बसून कपाळाला हात लावला. "बाईसाहेब, आता सलाम मी करायचा."

मी जीव तोडून वाजलो. ती छताकडेच बघत होती. आजोबांनी कपाळावरचा हात काही खाली घेतला नाही. दुसऱ्या हाताने ते मला वाजवत राहिले.