भरलेल्या शाळेची पंचाईत

कोल्हापूर संस्थानात सक्तीच्या शिक्षणाचा कायदा आला तेव्हा झुंबरबाई मनापासून सुखावली होती. नवरा गेल्यापासून घरात ती आणि कृष्णात, दोघंच. पोरगं पाटीवर आपलं नाव गिरवायचं, ते बघून तिचा ऊर भरून यायचा. पण कार्तिक उजाडला, भात पिकलं आणि तिच्या तोंडचं पाणी पळालं.

मुरगूडकडच्या त्या गावात कापणी पैऱ्यानं चालायची. आज सगळ्यांनी तुझ्या रानात, उद्या माझ्या. त्यासाठी घरटी दोन माणसं द्यायची, नाहीतर आपल्या बांधावर कुणी फिरकत नसे. झुंबरबाईकडं दुसरं माणूस म्हणजे कृष्णातच. त्याला रानात न्यावं तर दंड, शाळेत धाडावं तर भात जागेवर झडणार. घरोघरी हेच रडगाणं. शेवटी हंबीरराव पाटलांनी दरबारात गाऱ्हाणं घातलं, की शाळेला सुट्टी सुगीत द्या.

आणि खरंच, सुट्ट्यांचे नियम ठरवण्याआधी पालकांचं म्हणणं ऐकायला कोल्हापूरहून शिक्षण खात्याचे साहेब यायचे ठरले. इथंच माशी शिंकली. एवढा मोठा माणूस येणार आणि शाळा ओस? गावाची शोभाच की! पाटलांनी दवंडी पिटवली, झाडून सगळी पोरं धुतल्या कपड्यांत शाळेत हजर पाहिजेत. दाराला आंब्याचे डहाळे लागले.

साहेबांनी गच्च भरलेली शाळा पाहिली आणि ते खूश झाले.

"ऐन सुगीत एकही पोर गैरहजर नाही. मग तुमची तक्रार तरी काय?"

पाटलांनी मिशीवरून हात फिरवला. "तक्रार कसली सायेब, समदं झ्याक हाय."

जमलेल्या बाप्यांनी नंदीबैलासारख्या माना डोलावल्या. झुंबरबाई दाराशी बायकांत उभी होती. पाटलांना तोंडावर खोटं पाडावं तर पैऱ्यातून नाव कटायचं. गप्प बसावं तर भात गेलंच. तिनं पदर सावरला आणि पुढं झाली.

"सायेब, पाटीलआबा तुमच्या मानापायी बोलत्यात. आज तुमी येनार म्हनून गावानं इळं खुंटीला लावल्यात. न्हायतर आजच पैरा लागून निम्मी शाळा रिकामी असती. माझं पोरगं शिकावं असं मला लई वाटतंय. पन भात झडलं तर त्यानं खायाचं काय? दोन्ही ऱ्हाईल अशी वाट काढा की."

साहेब पाटलांकडं वळले. "खरं आहे का हे?"

"व्हय जी," पाटील जमिनीकडं बघत म्हणाले. "शाळा रिकामी दावायची लाज वाटली."

साहेबांना हसू फुटलं. "अहो पाटील, लाज राखता राखता सुट्टी घालवून बसला असता. नियमात सुगीची सुट्टी घालावी, असं मी दरबारला कळवतो. तोवर उद्यापासून शाळा बंद. कापणी उरकली की भरवा. दंड कुणालाही होणार नाही."

झुंबरबाईच्या जिवावरचं ओझं उतरलं, पण निम्मंच. जाताना पाटलांनी तिच्याकडं बघितलंही नव्हतं. उद्यापासून पैरा सुरू होणार आणि दरसाल पहिला मान पाटलांच्या रानाचा. तिथं आपल्याला उभं तरी करतील का, याच घोरात तिनं भाकरी थापल्या.

सकाळी कृष्णातला घेऊन ती पाटलांच्या रानाकडं निघाली. वाट तिच्याच बांधावरून होती. तिथं येऊन ती थबकली. धोतर खोचून पाटील तिच्या भातात वाकले होते आणि मागं अख्खा पैरा कापणीला लागला होता.

"बगत काय बसलीस पोरी?" पाटील मान वर न करता म्हणाले. "यंदा पयलं रान तुजं. काल माजी जीभ उचलली न्हाय, तू बोललीस."

झुंबरबाईला हसूही आवरेना आणि रडूही. डोळे पुसून तिनं विळा उचलला आणि पाटलांच्या शेजारची पात धरली.