पंपावरची सून

किशोरीचे वडील दिनानाथ कौतुकानं सांगून गेले, "आमची किशोरी पंपावर काम करते," आणि तिला बघायला ओव्याहून करंजाड्याला आलेल्या मंडळींचे पोह्यांचे चमचे हवेतच थांबले.

"पेट्रोल पंपावं?" भामाबाईंनी विचारलं. नवऱ्या मुलाची, निकेशची, ही आई गावची धवलारीण. तिनं धवले, म्हणजे लग्नातली गाणी, गायल्याशिवाय ओव्यात लग्न लागत नसे.

"मी बोललू नव्हं?" शेजारी बसलेली त्यांची काडीसारखी नणंद दमयंती पुटपुटली. "नोकरी विचारून घे."

निकेशनं किशोरीकडे पाहिलं. कॉलेजपासूनचं दोघांचं प्रेम एका पंपापाशी अडलं होतं.

"पेट्रोलचा नाही, काकी, कॅल्शियमचा," किशोरी म्हणाली. "मी प्रयोगशाळेत असते. अंगातल्या प्रत्येक पेशीवर चरबीचं झिरझिरीत पांघरूण असतं. त्यात इवलेसे पंप. आत साठलेलं कॅल्शियम ते बाहेर काढतात. नाही काढलं तर पेशी मरते."

"मंग तुजं काय काम गो त्यान?"

"पंप किती जोरात चालणार ते शेजारची चरबी ठरवते. तिचे काही कण पंपाला बिलगले की तो झपाट्यानं पळतो. तेच मी शोधते."

भामाबाईंनी चमचा तोंडात घातला. "म्हंजे राबनार सून, नि जोर देनार सासू."

"अगदी तसंच." किशोरी खुलली. "फक्त पांघरूण फार जाड झालं, की पंप मंदावतो."

भामाबाईंनी सोफाभर पसरलेल्या आपल्या देहाकडे सावकाश पाहिलं.

"जाड कोन?"

निकेशनं बशीत तोंड लपवलं.

"फार पातळ झालं तरी मंदावतोच, काकी," किशोरी घाईनं म्हणाली.

भामाबाईंची नजर दमयंतीवर गेली आणि तिथंच रेंगाळली. इतक्या वर्षांत नणंदेला द्यायचं जे उत्तर सुचलं नव्हतं, ते आज विज्ञानानं हातात आणून दिलं होतं.

"आयकलंस, वन्स? पातलानं पन अडतं."

"मला कशाला सांगतं?" दमयंतीनं पदर सावरला.

"आन गो पोरी, ती चरबी पंपाला सारकी चिकटूनच रावते?"

"नाही. येते, टेकते, सरकते. एका जागी बसतच नाही."

"बरोबर हाय. लग्नं लावीत मी गावोगाव फिरन, नि घरा आले का तुला जोर देन." भामाबाईंनी बशीवर बोटांनी ताल धरला.

"लोन्याच्या घरान गो, पंप नांदे सोनियाचा,
शेजार बरवा गो, तिथं संसार गुनियाचा..."

दिनानाथ चाचरत म्हणाले, "म्हणजे... होकार समजायचा?"

"नायतं काय, मी उगाच घसा गरम करतंय?"

दमयंतीनं तोंड वाकडंच ठेवलं, पण धवल्याची पुढची ओळ तिनंच उचलली.